रात्रीच्या आकाशाची गवाही

आमचे नाना जहाजावर होते. दाभोळच्या खाडीकाठच्या आमच्या आजोळी तेव्हा निम्म्या घरांची चूल जहाजाच्या पगारावर पेटायची. नाना खलाशी म्हणून लागले आणि सारंग होऊन परतले. सुट्टीत आम्ही पोरे अंगणात त्यांच्या खाटेभोवती बसायचो आणि ते एकेक बंदर उलगडायचे. एडन, मोम्बासा, दार-ए-सलाम. बहुतेक किस्से आम्हाला पाठ होते. एक किस्सा मात्र ते क्वचितच सांगत, कारण तो सांगितला की मोठी माणसे हसायची.

आफ्रिकेच्या वाटेवर एका रात्री क्षितिजावर विजा चमकत होत्या. इतक्या दूर की आवाज येत नव्हता. नाना पहाऱ्यावर होते. ढगांच्या वर, अगदी मोकळ्या आकाशात, त्यांना लाल उजेडाचे एक झाड उभे राहिलेले दिसले. खाली पारंब्या, वर फांद्या. पापणी लवायच्या आत ते गेले. "वीज ढगातून खाली येते, ही वर गेली," असे ते म्हणायचे. कुणी म्हणे, सारंग, त्या रात्री काय घेतले होते? नाना तर पाच वक्ताचे नमाजी. कुणी म्हणे, जिन्न असेल. एकदा कुणीतरी सरळ विचारले की तुमच्याशिवाय आणखी कुणी पाहिले का? नाना म्हणाले, हो, बरोबर हर्णैचा एक जण होता, त्यानेही पाहिले. मग विषय बदलला.

मला पुढे अनेक वर्षांनी कळले, की रात्रीच्या आकाशातल्या अशा विचित्र उजेडांचा सगळा इतिहास याच एका प्रश्नाभोवती फिरतो. आणखी कुणी पाहिले का?

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी गावोगाव लोक पश्चिमेकडे डोळे लावून उभे असतात. ईदच्या चंद्राला एकट्याची गवाही पुरत नाही, किमान दोघे लागतात. आणि नुसते "पाहिला" म्हणून भागत नाही. जाणता काजी विचारतो, कुठे पाहिला, क्षितिजापासून किती वर, टोके कोणत्या बाजूला होती, किती वेळ दिसला. माणूस खोटारडा आहे असे काजीला म्हणायचे नसते. प्रामाणिक माणसाचाही डोळा फसतो, हे त्याला ठाऊक असते. रात्रीच्या आकाशात तर डोळा हमखास फसतो, कारण तिथे अंतर मोजायला काही नसते. झाड नाही, डोंगर नाही. एखादा उजेड शेजारच्या टेकडीवर आहे की शंभर किलोमीटर वर, हे नुसत्या नजरेने सांगता येत नाही.

क्राकाटोआनंतरचे ढग

२६ आणि २७ ऑगस्ट १८८३ रोजी जावा आणि सुमात्रा बेटांच्या मधल्या सामुद्रधुनीत क्राकाटोआ ज्वालामुखीचा स्फोट झाला. त्याची धूळ आणि वायू वातावरणात फार वर गेले आणि पृथ्वीभर पसरले. सप्टेंबरमध्ये श्रीलंकेत आणि मद्रासकडे लोकांनी हिरवा सूर्य पाहिला. पुढचे कित्येक महिने युरोप-अमेरिकेत सूर्यास्तानंतरचे आकाश रक्तासारखे लाल होत राहिले. या प्रकाराने एक गोष्ट मात्र चांगली झाली. एरवी सूर्य बुडाला की घरात जाणारी माणसे संध्याकाळच्या आकाशाकडे नीट बघू लागली.

आणि १८८५ च्या उन्हाळ्यात त्यांना भलतेच काही दिसले. जर्मनी, इंग्लंड, रशिया अशा उत्तरेकडच्या देशांत रात्री उशिरा, सूर्य बुडून तास-दोन तास झाल्यावर, उत्तर क्षितिजावर चांदीसारखे निळसर-पांढरे ढग चमकू लागले. वाळूवर लाटेच्या खुणा उमटतात तशा त्यांच्या बारीक रेषा होत्या. नेहमीचे ढग त्या वेळी काळे दिसतात, कारण त्यांच्यावरचे ऊन केव्हाच गेलेले असते. हे ढग मात्र उजळलेले. याचा अर्थ ते इतके उंच होते, की जमिनीवर रात्र झाली तरी तिथे अजून ऊन पोचत होते.

किती उंच? मॉस्कोत सेरास्की नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने सहकाऱ्याच्या मदतीने नुसत्या डोळ्यांच्या नोंदींवरून त्याच वर्षी अंदाज बांधला. तो सत्तर ते ऐंशी किलोमीटरच्या घरातला होता. पण लोकांना हे पटण्यासारखे नव्हते. नेहमीचे ढग दहा-बारा किलोमीटरच्या वर जात नाहीत. सत्तर-ऐंशी किलोमीटरवर हवा जवळपास नाहीच, मग ढग कुठून येणार?

बर्लिनच्या वेधशाळेतल्या ओटो येस्से यांनी हे काम कॅमेऱ्याकडे सोपवले. तोवर फोटोग्राफी सोपी झाली होती. आधीची ओली काच तिथल्या तिथे तयार करून तिथल्या तिथे धुवावी लागे. आता जिलेटिनच्या कोरड्या काचा बाजारात आयत्या मिळत आणि त्या कमी उजेडातही चित्र पकडत. १८८७ मध्ये येस्से यांनी या ढगांचे पहिले फोटो काढले. पण एका फोटोने ढग आहेत एवढेच सिद्ध होते. ते कुठे आहेत हे नाही. म्हणून १८८९ मध्ये त्यांनी बर्लिनजवळच्या श्टेग्लित्झ इथे आणि तिथून काही मैल दूर असलेल्या ठिकाणी कॅमेरे लावले आणि ठरलेल्या क्षणी दोन्हीकडून एकाच ढगाचा फोटो घेतला.

त्यातली युक्ती साधी आहे. हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरा. आधी एक डोळा मिटा, मग दुसरा. समोरच्या भिंतीवर अंगठा सरकल्यासारखा दिसेल. अंगठा जवळ आणला तर तो जास्त सरकतो, दूर नेला तर कमी. येस्से यांचे दोन कॅमेरे म्हणजे एकमेकांपासून काही मैल लांब असलेले दोन डोळे, आणि मागची भिंत म्हणजे तारे. दोन्ही काचांवर तेच तारे उमटले होते, पण ढगाची तीच घडी ताऱ्यांच्या मानाने थोडी सरकलेली होती. ती किती सरकली हे मोजले की उंची निघते. पुढची काही वर्षे ते हे मोजत राहिले. उत्तर आले सुमारे ८२ किलोमीटर. आज रॉकेट आणि उपग्रह आहेत, तरी त्या आकड्यात विशेष फरक पडलेला नाही. ढग बर्फाच्या अतिसूक्ष्म कणांचे असतात. उन्हाळ्यात ध्रुवाकडच्या आकाशात त्या उंचीवरचे तापमान उणे १२० अंशांच्याही खाली जाते, तेव्हा ते तयार होतात. दोन माणसांनी "पाहिला" म्हटले की चंद्र ठरतो, पण दोघे वेगवेगळ्या जागी उभे असले की चंद्र किती दूर आहे हेही ठरवता येते. येस्से यांनी गवाहीला ही भर घातली.

जयानचे काजी

इथे मला एका काजीची आठवण येते. अंदलुसमधल्या जयान शहराचे काजी इब्न मुआज. मृत्यू १०९३ च्या सुमारास. गणितात मोठा हात. त्यांनी पहाटेच्या आणि संध्याकाळच्या संधिप्रकाशावर एक छोटा ग्रंथ लिहिला. फजर आणि इशाच्या वेळा याच उजेडावर अवलंबून असल्याने मुस्लिम खगोलशास्त्रज्ञांनी संधिप्रकाशाचा कसून अभ्यास केला होता. पहाटेची पहिली आडवी रेघ क्षितिजावर दिसते तेव्हा सूर्य क्षितिजाच्या खाली साधारण अठरा-एकोणीस अंश असतो, हे त्यांनी मोजून ठेवले होते. त्याच्या आधी पूर्वेला जो उभा, फिकट उजेड दिसतो तो सुब्हे काजिब, खोटी पहाट. अरबीत त्याला लांडग्याची शेपूट म्हणत. आज आपल्याला माहीत आहे की तो उजेड हवेतला नाहीच, ग्रहांच्या मधल्या पोकळीत विखुरलेल्या धुळीवर पडलेले ऊन आहे. पण ती वेगळी चीज आहे आणि तिला पहाट समजू नये, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

काजींनी पुढचा प्रश्न विचारला. सूर्य अजून एकोणीस अंश खाली असताना जर क्षितिजावर उजेड दिसत असेल, तर ते ऊन कशावर तरी पडत असणार, आणि ती वस्तू काही उंचीवर असणार. पृथ्वीचा आकार माहीत होता, कोन माहीत होता. त्यांनी हवेची उंची काढली सुमारे ५२ मैल. म्हणजे ऐंशी किलोमीटरच्या पुढे. येस्से यांच्या ढगांच्या अगदी शेजारी.

व्हॉट्सअॅपवर हे टाकले तर काय होईल हे मी डोळ्यांसमोर आणू शकतो. "आठशे वर्षांपूर्वी मुस्लिम काजीने शोधले, युरोपने चोरले." तसे काही नाही. काजींनी ते ढग पाहिले नव्हते. अंदलुसमधून ते दिसण्यासारखेही नव्हते. शिवाय हवेला अशी काठाची रेघ नसते, ती वर वर विरळ होत जाते. प्रकाश हवेत वाकतो हे त्यांनी हिशेबात धरले नव्हते. आकडे जुळले तो बराचसा योगायोग. जुळली ती पद्धत. खालच्या रात्रीत उभे राहून वर पडलेल्या उन्हावरून उंची काढायची, हा विचार दोघांचाही एकच होता.

आणि चोरीचे म्हणाल तर झाले उलटेच. हा ग्रंथ क्रेमोनाच्या जेरार्डने बाराव्या शतकात लॅटिनमध्ये नेला आणि युरोपात तो शतकानुशतके वाचला गेला. फक्त लेखकाचे नाव चुकले. तो इब्न अल-हैसम यांचा समजला गेला, १५४२ मध्ये लिस्बनला तो छापला गेला तेव्हाही त्यांच्याच नावाने. खरा लेखक इब्न मुआज होते हे ए. आय. साबरा या इजिप्तच्या अभ्यासकाने १९६७ मध्ये दाखवून दिले. एवढ्या मोठ्या काजीची स्वतःची गवाही जवळजवळ आठशे वर्षे दुसऱ्याच्या नावावर जमा होती. आजही आपल्याकडे अनेक लेखांत ती चूक जशीच्या तशी उतरवली जाते.

इब्न अल-हैसम यांचे काम त्याशिवायही थोडके नाही. अंधाऱ्या जागेत बारीक छिद्रातून सूर्यग्रहणाची प्रतिमा कशी पडते, हे त्यांनी बारकाईने लिहून ठेवले आहे. फोटोग्राफीच्या इतिहासात त्यांची जागा तिथे आहे. पण "कॅमेरा हा शब्द अरबी कमरावरून आला" हे जे फिरत असते ते खरे नाही. कॅमेरा हा लॅटिन शब्द, अर्थ खोली. आपण बोलतो तो "कमरा" पोर्तुगीजांबरोबर आला, तोही त्याच लॅटिन घरातला.

बटनहोलमधला कॅमेरा

ध्रुवीय प्रकाश, म्हणजे ऑरोरा, याचे प्रकरण आणखी अवघड होते. चमकणारे ढग निदान संथ असतात. ऑरोरा नाचतो. हिरव्या पडद्यासारखा हेलकावतो, क्षणात विझतो, दुसरीकडे पेटतो. आणि डोळ्याला भरपूर वाटणारा तो उजेड कॅमेऱ्याच्या दृष्टीने अगदी मंद असतो. त्या काळच्या काचा निळा आणि जांभळा रंग पकडत, ऑरोराचा मुख्य हिरवा रंग त्यांना नीट दिसतच नसे. १८८२-८३ च्या हिवाळ्यात सोफुस ट्रॉमहोल्ट हा डॅनिश अभ्यासक नॉर्वेच्या उत्तर टोकाला कौतोकेइनो गावात जाऊन राहिला. ऑरोराचा फोटो त्याला तिथे काही मिळाला नाही. पण कॅमेरा हाती होता, म्हणून त्याने तिथल्या सामी लोकांचे फोटो काढले. त्या काळी असे फोटो म्हणजे वंशाचे नमुने असत. याने मात्र माणसांना माणसांसारखे उभे केले. आज त्या फोटोंना जागतिक वारसा म्हणून मान मिळाला आहे. आकाश हुकले, माणसे सापडली.

१८९२ मध्ये त्याच भागातल्या बोसेकोप इथे मार्टिन ब्रेंडेल या जर्मन संशोधकाला ऑरोराचे बऱ्यापैकी फोटो मिळाले. धूसर, पण मिळाले. उंचीचा घोळ मात्र तसाच राहिला. ऑरोरा डोंगराच्या पुढे उतरलेला पाहिला असे सांगणारी प्रामाणिक माणसे होती. काही मोजमापांत तो जमिनीपासून एखाद्या किलोमीटरवर निघत होता, काहींत शेकडो किलोमीटरवर. साक्षीदार भरपूर, पण एकाच क्षणी एकाच ठिकाणाबद्दल बोलणारे दोन नाहीत.

तो घोळ मिटवणारा माणूस गणिती होता. कार्ल स्टॉर्मर, जन्म १८७४, नॉर्वे. विद्यार्थीदशेत त्याला एक वेगळाच नाद होता. एक गोल, चपटा कॅमेरा जाकिटाखाली लपवायचा, भिंग बटनहोलमधून बाहेर काढायचे आणि राजधानीच्या मुख्य रस्त्यावर फेरफटका मारायचा. समोरून ओळखीचे कुणी आले की नमस्कार करायचा आणि खिशातली दोरी ओढायची. लोक हसताहेत, टोपी उचलताहेत, कुणाला पत्ता नाही. नाटककार इब्सेनही त्यात सापडला. त्या काळी लोक फोटोसाठी खांबासारखे ताठ उभे राहत, म्हणून हे चोरटे फोटो आज बघताना ती माणसे जिवंत वाटतात. (परवानगीशिवाय फोटो काढणे योग्य की अयोग्य, हा वाद आज त्याच्याशी घालण्यात अर्थ नाही.) हलणारी गोष्ट कमी उजेडात, घाईत कशी पकडायची, हे तो बहुधा तिथेच शिकला असावा.

१९०३ मध्ये त्याने बिर्केलँड या शास्त्रज्ञाचा प्रयोग पाहिला. हवा काढून घेतलेल्या पेटीत एक चुंबकीय गोळा ठेवलेला, त्यावर विद्युतकणांचा मारा केलेला, आणि गोळ्याच्या दोन ध्रुवांभोवती उजेडाची कडी. छोटी पृथ्वी आणि तिचा ऑरोरा. स्टॉर्मर त्यात अडकला तो कायमचा. असे कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात कोणत्या वाटांनी येतील, याची आकडेमोड त्याने आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे हाताने केली. पण कागदावरची वाट खरी की खोटी हे आकाशातच बघावे लागणार होते.

१९१० च्या हिवाळ्यात तो बोसेकोपला गेला. बरोबर दोन कॅमेरे. त्याने अनेक भिंगे तपासून शेवटी सिनेमाच्या कॅमेऱ्याचे छोटेसे भिंग निवडले होते. ते भरपूर उजेड आत घेई, त्यामुळे काही सेकंदांत, कधी त्याहूनही कमी वेळात फोटो निघे. एक ठाणे इथे, दुसरे काही किलोमीटरवर, मधे टेलिफोनची तार. कडाक्याची थंडी. दोघांच्या कानाला टेलिफोन बांधलेला. इकडून एखादा तारा सांगायचा, त्याच्याजवळचा पट्टा पकड, तयार? तयार. मग खूण झाली की दोन्हीकडे एकाच क्षणी झाकण उघडायचे. त्या मोहिमेत फोटोंच्या शेकडो जोड्या निघाल्या. १९१३ मध्ये तो पुन्हा गेला आणि दोन ठाण्यांमधले अंतर बरेच वाढवले, म्हणजे मोजमाप अधिक नेमके यावे. पुढे दक्षिण नॉर्वेतही त्याने ठाण्यांचे जाळे उभे केले.

या जोड्यांनी जे सांगितले त्याने जुने वाद संपले. ऑरोराची खालची कड बहुतेक वेळा शंभर किलोमीटरच्या आसपास असते. ऐंशीच्या खाली तो जवळजवळ येतच नाही. वरचे टोक कधीकधी फार वर जाते, विशेषतः जिथे त्यावर ऊन पडत असते तिथे, अगदी हजार किलोमीटरपर्यंत. डोंगरापुढे उतरलेला ऑरोरा पाहणारी माणसे खोटे बोलत नव्हती. त्यांनी उजेड पाहिला होता, फक्त त्याची जागा त्यांच्या मनाने ठरवली होती. स्टॉर्मरने त्याच पद्धतीने मोत्यासारखे रंग दाखवणारे हिवाळी ढगही मोजले. ते वीस ते तीस किलोमीटरवर निघाले. १९५७ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्यामागे हजारो काचा होत्या. तरुणपणीचे ते चोरटे फोटो त्याने सत्तरीच्या आसपास लोकांसमोर आणले.

लाल झाड

आता नानांच्या लाल झाडाकडे येतो. ढगांच्या वर उजेड दिसल्याच्या नोंदी एकोणिसाव्या शतकापासून आहेत. पुढे विमाने आली तेव्हा वैमानिकांनीही तसे सांगितले, बहुतेकांनी आपसात, कारण अधिकृत अहवालात लिहिले तर नोकरीवर बेतायचे. शास्त्राच्या बाजूने बोलणारा एक मोठा माणूस होता, स्कॉटलंडचा सी. टी. आर. विल्सन. १८९४ मध्ये बेन नेव्हिस डोंगरावर धुक्यात पडणारी इंद्रधनुषी कडी पाहून हा माणूस ढगांच्या नादी लागला आणि त्यातूनच पुढे त्याला नोबेल मिळवून देणारे उपकरण जन्मले. १९२५ मध्ये त्याने लिहिले, की मोठ्या गडगडाटी ढगाच्या फार वर, विरळ हवेत, विजेचा झोत पेटू शकतो. म्हातारपणी त्याने स्वतः तसा उजेड पाहिल्याचेही लिहिले. नोबेल मिळालेल्या माणसाची एकट्याची गवाही. ती कागदातच राहिली.

६ जुलै १९८९ ची रात्र. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाचे प्रा. जॉन विंकलर आणि त्यांचे सहकारी एका रॉकेट मोहिमेसाठी अतिशय मंद उजेडात चालणारा टीव्ही कॅमेरा तपासून बघत होते. लांबवर क्षितिजाआड वादळ होते. कॅमेरा सहज त्या बाजूला राहिला. टेप नंतर पाहिली तेव्हा एका क्षणाच्या चित्रात ढगांच्या वर उजेडाचे दोन प्रचंड खांब उभे होते. आधीच्या चित्रात नाहीत, नंतरच्या चित्रात नाहीत. शोधायला गेले असते तर कदाचित सापडलेही नसते. १९९० मध्ये ते प्रसिद्ध झाले. मग अवकाशयानांतून काढलेल्या जुन्या टेपा धुंडाळल्या गेल्या, तर त्यांतही तेच. इतकी वर्षे ते तिथे होते, कुणी बघितले नव्हते.

पण एका कॅमेऱ्याने उंची कळत नाही, ही जुनी अडचण इथेही आली. १९९४ च्या उन्हाळ्यात अलास्का विद्यापीठाच्या संशोधकांनी दोन जेट विमाने उडवली आणि दोन्हींतून एकाच वादळावर कॅमेरे रोखले. येस्से यांची तीच युक्ती, फक्त या वेळी दोन्ही डोळे हवेत. उजेडाचे डोके नव्वद किलोमीटरच्या आसपास पोचते, पारंब्या चाळीस-पन्नासपर्यंत उतरतात, असे निघाले. रंगीत चित्रात तो लाल दिसला, कारण तिथल्या विरळ हवेतला नायट्रोजन पेटला की लाल प्रकाश देतो. तो टिकतो सेकंदाचा शंभरावा भाग, कधी त्याहूनही कमी. त्याला नाव दिले स्प्राईट, म्हणजे इंग्रजी गोष्टींतला चपळ अदृश्य जीव. गावातल्या ज्या माणसाने नानांना "जिन्न असेल" म्हटले होते, त्याचे भाषांतर अगदीच चुकले नव्हते.

आपल्याकडेही रात्रीचे आकाश टिपण्याचे काम शांतपणे चालू असते. कुलाब्याच्या जुन्या वेधशाळेचे चुंबकीय काम मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ मध्ये अलिबागला हलवले गेले. त्या परंपरेतून उभी राहिलेली भारतीय भूचुंबकत्व संस्था आज नवी मुंबईत आहे. तिचा एक कॅमेरा कोल्हापूरला आकाशाकडे तोंड करून बसलेला असतो. माशाच्या डोळ्यासारखे भिंग, एका नजरेत अख्खे आकाश. चंद्र नसलेल्या आणि ढग नसलेल्या रात्रीच त्याचा उपयोग, म्हणजे पावसाळा बाद. तो ऑरोरा शोधत नाही. आपल्या डोळ्याला काळी वाटणारी रात्र खरे तर पूर्ण काळी नसते. दिवसा उन्हाने चाळवलेली वरची हवा रात्रभर अगदी मंद उजळत राहते. सुमारे अडीचशे किलोमीटरवर ऑक्सिजनचा लाल उजेड असतो. त्यात कधीकधी उत्तर-दक्षिण काळे पट्टे दिसतात आणि ते हळूहळू पूर्वेकडे सरकतात. विद्युतभारित हवेत पडलेली ती पोकळी असते. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकावरून जाते, म्हणून आपल्या आकाशात ती जास्त. तिच्यातून जाताना उपग्रहाचे संकेत थरथरतात आणि मोबाइलचा नकाशा चुकीची जागा दाखवतो. १० मे २०२४ च्या रात्री सूर्यावरच्या स्फोटांनी जगभर ऑरोरा पेटला, तेव्हा लडाखमधल्या हानले इथल्या कॅमेऱ्यांनी क्षितिजावर लाल उजेड पकडला. त्या आठवड्यात मोबाइलवर कुठल्याही गावाचे नाव घालून गुलाबी आकाशाचे फोटो फिरत होते. खोटे कोणते, खरे कोणते हे विचारायची कुणाला घाई नव्हती.

आणि नाना? माझ्या मनाला वाटते त्यांनी स्प्राईट पाहिला. खाली पारंब्या आणि वर फांद्या हे वर्णन, लाल रंग, दूरचे वादळ, काळोखी समुद्रावरची रात्र, सगळे जुळते. पण हे मी स्प्राईटचे फोटो पाहिल्यानंतर म्हणतो आहे. आठवणीतल्या झाडाला फोटोतल्या फांद्या मीच लावल्या नसतील कशावरून? दुसऱ्या एखाद्या जहाजाने सोडलेला लाल दारूचा बाणही असू शकतो. नानांना विचारावे तर ते जाऊन आता बरीच वर्षे झाली. तारीख त्यांनी कधी सांगितली नाही, जहाजाचे नाव आम्ही लक्षात ठेवले नाही.

आजोळच्या गावापासून हर्णै फार लांब नाही. एस.टी.ने सकाळी निघाले तर दुपारच्या आत पोचता येते. त्या माणसाचे नाव नाना सांगायचे, पण आता ते घरात कुणालाच आठवत नाही. मामूंना एवढेच आठवते की तो एकदा आमच्या दारात येऊन गेला होता, नानांबरोबर चहा प्यायला होता, आणि दोघे बराच वेळ जहाजाबद्दलच बोलत बसले होते.